मॉडेल एकच, माल वेगळा : एका फोनवरून किती बोलायचं?



पेट पास होऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांपैकी अनेकांचा एक प्रश्न असतो : "नमुना किती घ्यायचा?" त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे "तीस". तीसच का, हे विचारलं की गाईड, सिनिअर आणि पुस्तक तिघेही जरा इकडेतिकडे बघतात. पण आज मला त्याच्याही आधीच्या प्रश्नावर लिहायचं आहे. तीस म्हणजे तीस काय? तीस मोजमापं, तीस वस्तू, की तीस वेगवेगळ्या लॉटमधल्या वस्तू? हा फरक वर्गात सांगितला की डोक्यावरून जातो. मोबाईल फोनवर सांगितला की पटकन कळतो, कारण तिथे आपल्या खिशातले पैसे गेलेले असतात.

तर आजचा विषय : साठ-सत्तर हजारांचा फोन घेतला, शेजाऱ्यानेही तोच घेतला, डबा तोच, किंमत तीच, तरी आतले सुटे भाग वेगळे. असं खरंच होतं का? होतं. मग तुमचा फोन "खराब" निघाला असं म्हणता येईल का? इथून खरं संशोधन सुरू होतं.

दोन गवळी का लावतात?

मोठी कंपनी एकाच भागासाठी दोन किंवा तीन पुरवठादार ठेवते. घरात दोन गवळी लावण्यासारखंच आहे हे. एकाची म्हैस आटली तरी सकाळचा चहा थांबत नाही, आणि "तो दुसरा लिटरमागे दोन रुपये कमी घेतो" असं म्हणून भावही पाडता येतो. हे काही आजचं नाही. आयबीएमने आपल्या पहिल्या पीसीसाठी इंटेलची चिप निवडली तेव्हा दुसरा पुरवठादार असावा असा आग्रह धरला होता, आणि १९८२ च्या करारानुसार एएमडी इंटेलच्याच रचनेच्या चिप्स बनवू लागली.

पण दोन गवळ्यांचं दूध एकसारखं नसतं, हे साय बघणाऱ्याला माहीत असतं. कंपनी काय करते? एक किमान पातळी ठरवते. त्या पातळीच्या वर आलेला प्रत्येक भाग "पास". एखादा काठावर पास आणि एखादा डिस्टिंक्शनमध्ये, तरी दोघांच्या डब्यावर नाव एकच. विनिर्देशपत्रात किमान पातळी छापलेली असते, पसारा छापलेला नसतो. पसारा म्हणजे त्या पातळीच्या वर भाग किती विखुरलेले आहेत ते. आपल्या लेखातला खरा नायक हाच.

आयफोन ६एस ची गोष्ट

आता एक खरं उदाहरण जरा तब्येतीत बघू, कारण त्यात संशोधनपद्धतीचे निम्मे धडे आहेत.

सप्टेंबर २०१५ मध्ये ॲपलने आयफोन ६एस आणला. भारतात तो ऑक्टोबरमध्ये आला, १६ जीबीच्या फोनची किंमत ६२,००० रुपये. त्यातली ए९ ही चिप ॲपलने स्वतः रचलेली, पण बनवून घेतलेली दोन ठिकाणी : सॅमसंगच्या १४ नॅनोमीटर प्रक्रियेवर आणि तैवानच्या टीएसएमसीच्या १६ नॅनोमीटर प्रक्रियेवर. चिपवर्क्स या कंपनीने फोन उघडून दोन्ही चिप्स मोजल्या. सॅमसंगची ९६ चौरस मिलिमीटर, टीएसएमसीची १०४.५. म्हणजे एकाच नावाच्या दोन चिप्सच्या क्षेत्रफळात जवळपास ९ टक्के फरक. कोणत्या फोनमध्ये कोणती, हे डब्यावर कुठेही नाही.

(जाता जाता : "१४ हे १६ पेक्षा लहान, म्हणजे सॅमसंगची सरस" असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं. हे नॅनोमीटरचे आकडे तोवर मोजमाप राहिले नव्हते, प्रक्रियेचं नाव झाले होते. नावावरून गुणवत्ता ठरवणं हा वेगळ्या लेखाचा विषय.)

मग लोकांनी गीकबेंचची बॅटरी चाचणी लावली. गाजलेल्या तुलनांमध्ये टीएसएमसीचा फोन सॅमसंग-चिपवाल्या फोनपेक्षा जवळपास दोन तास जास्त टिकला. गदारोळ झाला, "चिपगेट" असं नावही पडलं. ॲपलने उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा : प्रोसेसर सतत जड कामाला जुंपून बॅटरी संपवणाऱ्या चाचण्या रोजच्या वापराचं चित्र दाखवत नाहीत, आमच्या चाचण्या आणि ग्राहकांकडून आलेली माहिती पाहता प्रत्यक्ष फरक २ ते ३ टक्के आहे. पुढे कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहकसंस्थेनेही दोन्ही प्रकारचे फोन तपासले, आणि त्यांनाही लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही.

आता तुम्ही काय म्हणाल? कोण खोटं बोलतंय?

बहुतेक कोणीच नाही. गणित करून बघू. पुढचे आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. समजा एक चिप दुसरीपेक्षा २० टक्के जास्त वीज खाते. रोजच्या वापरात (व्हॉट्सॲप, थोडं ब्राउझिंग) फोनच्या एकूण विजेपैकी प्रोसेसरचा वाटा समजा १५ टक्के, बाकी स्क्रीन, रेडिओ वगैरे. तर १५ चे १८ होतात, एकूण १०० चे १०३. फरक फक्त ३ टक्के. आता चाचणीत प्रोसेसर सतत राबतोय, त्याचा वाटा ८० टक्के. ८० चे ९६ होतात, एकूण ११६. आठ तास टिकणारी बॅटरी सात तासांवर येते. चिप त्याच, फरकही तोच, पण एका मापाने तो दिसेनासा होतो आणि दुसऱ्या मापाने डोळ्यांत भरतो.

संशोधनपद्धतीच्या पुस्तकात "वैधता" नावाचं प्रकरण असतं ना, ते हेच. गीकबेंच "बॅटरी किती टिकते" हे मोजत नव्हतं, "प्रोसेसरवर ठरावीक भार टाकल्यावर बॅटरी किती टिकते" हे मोजत होतं. विश्वसनीयता चांगली होती (पुन्हा लावली की आकडा जवळपास तोच), पण प्रश्न दुसराच होता. ज्याला त्या फोनवर तासन् तास गेम खेळायचे त्याच्यासाठी मात्र हीच चाचणी जास्त वैध! म्हणून "ही चाचणी वैध आहे का" असं नुसतं विचारू नका. कशासाठी वैध, ते विचारा.

आणि ॲपलचं वाक्यही तसंच सोडू नका. २ ते ३ टक्के म्हणजे कशाचे? दोन गटांच्या सरासरीतला फरक, की एकेका फोनमधला फरक? किती फोनवर, कोणत्या वापरावर, पसारा किती? हे जाहीर झालं नाही. ६एस च्या विनिर्देशपत्रात ४जी वर १० तास इंटरनेट वापर लिहिलेला होता. त्याचे २-३ टक्के म्हणजे १२ ते १८ मिनिटं. सरासरीत १८ मिनिटं असतील तर ग्राहकाला फारसं बिघडत नाही. पण सरासरीत १८ मिनिटं आणि एकेका फोनमध्ये दीड तासाचा पसारा, असंही असू शकतं, आणि सरासरी सांगणाऱ्याने तेव्हाही खोटं बोललेलं नसतं. व्हायव्हात एखाद्या बाह्य परीक्षकाने "तुमचा २.५ टक्के हा आकडा नक्की कशाचा?" असं विचारलं की भल्याभल्यांची बोबडी वळते, ती इथेच.

एक फोन दहा वेळा, की दहा फोन एकेकदा?

चिपगेटमधल्या बहुतेक तुलनांमध्ये एका बाजूला एक फोन, दुसऱ्या बाजूला एक फोन होता. काही काळजीवाहू लोकांनी तीच चाचणी पुन्हापुन्हा लावली आणि म्हणाले, "बघा, दहा वेळा केली, प्रत्येक वेळी हाच फोन जिंकला." यात चूक काय?

एकाच पुरवठादाराच्या एकाच लॉटमधले दोन फोनसुद्धा सारखे नसतात. बॅटरीची क्षमता थोडी वेगळी, स्क्रीनची कार्यक्षमता थोडी वेगळी, चिपमधली गळती वेगळी. चिपचं तर मूळच तसं आहे. ट्रान्झिस्टर इतके लहान झालेत की त्यात मिसळलेल्या अशुद्धीचे अणू मोजके उरतात, आणि मोजके असले की कमीजास्त झालेलं लगेच जाणवतं. शेजारशेजारच्या, अगदी सारख्या रचलेल्या दोन ट्रान्झिस्टरमधला फरक क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जातो, हा पेलग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेला नियम आजही इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. क्षेत्रफळ चौपट केलं तर फरक निम्मा. लहान केलं तर वाढणारच. हा निष्काळजीपणा नाही, हे भौतिकशास्त्र आहे.

तर पुन्हा समजा : एकाच पुरवठादाराच्या फोनाफोनांत बॅटरी-वेळेचं प्रमाण विचलन २० मिनिटं आहे. आणि एकाच फोनवर चाचणी पुन्हा लावली तर आकडा हलतो त्याचं प्रमाण विचलन १० मिनिटं. तुमच्याकडे प्रत्येक बाजूला दहा चाचण्या करण्याइतका वेळ आहे.

पहिला मार्ग : प्रत्येक बाजूचा एकच फोन, दहा वेळा. फोनाफोनांतलं विचरण ४००, ते दहा वेळा मोजून कमी होत नाही, कारण फोन तोच आहे. मोजमापाचं विचरण १००, ते दहाने भागलं जातं, म्हणजे १०. बेरीज ४१०, वर्गमूळ सुमारे २०.२ मिनिटं. दोन बाजूंच्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे २८.६ मिनिटं.

दुसरा मार्ग : प्रत्येक बाजूचे दहा फोन, एकेकदाच. ४०० अधिक १०० म्हणजे ५००, भागिले दहा, ५०. वर्गमूळ सुमारे ७.१. फरकाची प्रमाण त्रुटी १० मिनिटं.

कष्ट तेवढेच, वीस चाचण्या. पण पहिल्या मार्गात १८ मिनिटांचा खरा फरक गोंधळात बुडून जातो, दुसऱ्यात तो निदान डोकं वर काढतो. आणि पहिल्या मार्गाने गेलेला माणूस जर दहा-दहा आकडे घेऊन थेट टी-चाचणी लावत असेल, तर सॉफ्टवेअर त्याला छान लहानसं पी-मूल्य काढून देईल. सॉफ्टवेअरला काय माहीत, की हे दहा आकडे एकाच फोनचे आहेत! स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांवर लिहिताना याला "स्युडोरेप्लिकेशन" म्हटलं, आपण खोटी पुनरावृत्ती म्हणू. त्यांचा विषय तळी आणि शेतं हा होता, फोन नव्हता, पण चूक तंतोतंत तीच.

आता तुम्ही म्हणाल, वीस फोन घ्यायचे तर ६२,००० च्या हिशोबाने १२ लाख ४० हजार रुपये झाले, फेलोशिप दोन-तीन वर्षांची गेली. बरोबर आहे. म्हणूनच हे काम कोणी करत नाही, आणि म्हणूनच एका फोनवरचे व्हिडिओ पुरावा म्हणून फिरतात. पैसे नसतील तर एक फुकटचा उपाय आहे : दावा लहान करा. "माझ्याकडच्या या दोन फोनमध्ये इतका फरक आढळला" हे वाक्य एका फोनवरून लिहिता येतं. "टीएसएमसीची चिप सरस" हे येत नाही.

दर लाखातला एक

पसाऱ्याचा दुसरा प्रकार म्हणजे क्वचित होणारा घात. सगळे फोन उत्तम, पण लाखातला एखादा पेट घेतो.

सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ हा १९ ऑगस्ट २०१६ ला बाजारात आला आणि २ सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवून फोन परत मागवायला सुरुवात केली. तोवर सुमारे २५ लाख फोन गेले होते आणि कंपनीने मान्य केलेल्या घटना होत्या ३५. भारतात डीजीसीएनेही विमानात हा फोन वापरू नये असं सांगितलं. इथेही बॅटरीचे पुरवठादार दोन. पहिला निष्कर्ष झटपट निघाला : एका पुरवठादाराच्या बॅटऱ्या सदोष आहेत, दुसऱ्याच्या ठीक. मग दुसऱ्याच्या बॅटऱ्या घालून फोन बदलून दिले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलून दिलेल्या फोनमधूनही धूर निघाला, एक तर अमेरिकेत विमानात, उड्डाणाआधी. ११ ऑक्टोबरला उत्पादनच बंद झालं.

जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं सांगितली. पहिल्या बॅटरीत कोपऱ्यावर ऋण इलेक्ट्रोड दाबला जाऊन वाकला होता, कारण पाकिटात जागा पुरेशी नव्हती. दुसऱ्या बॅटरीत वेगळंच : वेल्डिंगच्या जागी राहिलेले टोकदार उंचवटे विभाजक पडद्यापर्यंत घुसत होते. दोन पुरवठादार, दोन वेगळे दोष, परिणाम एकच. संशोधनात "पुरवठादार" हा चल घेऊन तुम्ही समाधानी झालात, की असं होतं. पुरवठादार हे कारण नसतं, कारण आत कुठेतरी असतं, आणि पुरवठादार हा त्याचा फक्त पत्ता असतो. पत्ता बदलला की रोग जातोच असं नाही.

आता संख्यांकडे बघा. ३५ भागिले २५ लाख म्हणजे दर लाखामागे १.४. कारखान्यात किती फोन तपासले असते तर यातला एक तरी पकडला गेला असता? संख्याशास्त्रात एक झटपट नियम आहे, "तीनचा नियम". शंभर वस्तू तपासल्या आणि एकही बिघडली नाही, तर ९५ टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की बिघाडाचं प्रमाण ३ भागिले १००, म्हणजे ३ टक्क्यांच्या आत असावं. उलटा वाचला तर : लाखात १.४ अशा प्रमाणाचा बिघाड ९५ टक्के खात्रीने एकदा तरी दिसायला ३ भागिले ०.००००१४, म्हणजे सुमारे २ लाख १४ हजार फोन लागतात. नंतरच्या तपासात सॅमसंगने २ लाखांहून अधिक फोन आणि ३० हजारांहून अधिक बॅटऱ्या चाचणीला लावल्या, सुमारे ७०० संशोधक आणि अभियंते बसवून. आपला हिशोब ढोबळ आहे (३५ ही पहिल्या काही दिवसांतली संख्या, फोन अजून वापरात होते, पुढे घटना वाढल्या), तरी कामाची व्याप्ती केवढी असते त्याचा अंदाज येतो.

आणि तुमच्या प्रबंधात "वीस उपकरणे तपासली, एकही सदोष आढळले नाही" असं लिहिणार असाल, तर ३ भागिले २० करून बघा. १५ टक्के. म्हणजे दर सातातलं एक सदोष असलं तरी तुमचा निकाल असा येऊ शकतो. वाक्य खरं आहे, फक्त त्यातून "उपकरणे निर्दोष आहेत" हे निघत नाही.

इथेच तक्रारींबद्दल दोन शब्द. "इंटरनेटवर शंभर लोक ओरडतायत" हा अंश आहे, छेद कुठाय? ज्याचा फोन नीट चालतो तो मुकाट्याने रील बघत असतो. शिवाय चिपगेटमध्ये चिप कोणाची हे सांगणारं ॲपही आलं होतं, आणि सॅमसंगची चिप निघाल्यावर "तरीच! बॅटरी लवकर संपतेच" असं वाटणं साहजिक आहे. औषधांच्या चाचणीत रुग्णाला गोळी कोणती ते सांगत नाहीत ते याचसाठी. तक्रारी फेकून देऊ नका, नोट ७ च्या ३५ घटनांनीच मोठा दोष उघडा पाडला. प्रश्न कुठे आहे ते तक्रारी सांगतात. प्रमाण किती ते सांगत नाहीत.

दोन वशिंडांचा उंट

२०१७ च्या एप्रिलमध्ये हुआवेच्या पी१० या महागड्या फोनबाबत वापरकर्त्यांच्या लक्षात आलं, की स्टोरेजचा वाचनवेग फोनाफोनांत भलताच वेगळा येतोय. काहींना सेकंदाला सात-आठशे एमबी, काहींना तीनशेच्या आसपास. कारण साध्या पसाऱ्याचं नव्हतं. काही फोनमध्ये यूएफएस २.१, काहींत यूएफएस २.०, आणि काहींत जुन्या जातीचं ईएमएमसी ५.१ घातलेलं होतं. कंपनीच्या ग्राहक-व्यवसाय विभागाचे प्रमुख रिचर्ड यू यांनी फ्लॅश मेमरीच्या टंचाईकडे बोट दाखवलं.

हे प्रकरण ६एस पेक्षा मला जास्त गंभीर वाटतं. तिथे एकाच रचनेची चिप दोन ठिकाणी बनली होती. इथे भागाची जातच वेगळी, आणि ग्राहकाला कळायला मार्ग नाही. विद्यार्थी म्हणून मात्र आलेख बघा. सोयीसाठी दोनच गट धरू, निम्मे फोन ३०० चे, निम्मे ८०० चे. सरासरी ५५०. पण ५५० वेगाचा एकही फोन जगात नाही! आलेखाला दोन वशिंडं आहेत आणि सरासरी त्यांच्यामधल्या खळग्यात पडलीय. म्हणून आकडे हाती आले की सरासरी काढण्याआधी आयतालेख काढा. हे वाक्य कंटाळा येईपर्यंत ऐकलं असेल, तरी दरवर्षी कोणीतरी खळग्यातली सरासरी घेऊन प्रेझेंटेशनला उभं राहतंच.

कॉम्प्युटरच्या एसएसडीमध्ये तर मॉडेलचं नाव न बदलता आतला माल बदलण्याचा २०२१ मध्ये सुकाळच झाला होता. वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० मध्ये फ्लॅश बदलली आणि कॅशे भरल्यानंतरचा लेखनवेग सेकंदाला सुमारे ६१० एमबीवरून ३९० वर आला. कंपनीने नंतर ते मान्य केलं आणि यापुढे असा बदल करताना नवा मॉडेल नंबर देऊ असं सांगितलं. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लसची गंमत वेगळी. नव्या १ टीबीवाल्यात कॅशे ४२ जीबीची ११५ जीबी झाली, पण ती भरल्यावरचा वेग सुमारे १५०० वरून ८०० वर आला. शंभर जीबीची फाईल लिहिणाऱ्याला नवा चांगला, पाचशे जीबी लिहिणाऱ्याला जुना. मग "गुणवत्ता घसरली" हे खरं की खोटं? गुणवत्तेची कार्यात्मक व्याख्या दिल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

परीक्षणांचाही यात घोळ होतो. समीक्षकाकडे पहिल्या लॉटचा नमुना जातो, तुमच्या हाती दोन वर्षांनंतरचा येतो. गॅलॅक्सी एस मालिकेत तर कित्येक वर्षं हे उघडउघड होतं : २०२० चा एस२० अमेरिकेत स्नॅपड्रॅगन ८६५ वर, भारतात एक्सिनॉस ९९० वर. नाव एकच. अमेरिकी यूट्यूबरचा बॅटरी-व्हिडिओ बघून नागपुरात फोन घेणारा माणूस दुसऱ्याच फोनचं परीक्षण बघत होता. २०२२ च्या एस२२ ला भारतात स्नॅपड्रॅगन मिळाला, एस२४ ला पुन्हा एक्सिनॉस. निष्कर्ष कुठवर नेता येतो, म्हणजे बाह्य वैधता, याचं याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

माझं मत विचाराल तर : ठरवलेल्या पातळीच्या वरचा पसारा ही फसवणूक नाही, तो कारखान्याचा स्वभाव आहे. परीक्षणाला एक माल आणि दुकानात दुसरा, हे मात्र चालू नये. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. भाग बदलला तर मॉडेल नंबरला एक शेपूट जोडणं ही काही फार मोठी अपेक्षा नाही.

स्वभाव आणि बिघाड

हा "स्वभाव" आणि "बिघाड" वेगळा करण्याची युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. वॉल्टर शेवार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. प्रक्रियेत जो चढउतार नेहमीचाच आहे तो एका पट्ट्यात राहतो, पट्ट्याबाहेर गेलेल्या बिंदूमागे मात्र शोधण्याजोगं खास कारण असतं. नेहमीच्या चढउतारामागे धावलात तर दमाल, खास कारणाकडे दुर्लक्ष केलंत तर नोट ७ होतो. हे शेवार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन फिरले होते, आणि इथल्या कारखान्यांत संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण रुजण्यात त्या दौऱ्याचा हात आहे.

आता तुमच्या टेबलावर या. तुमच्या प्रयोगात फोनचा सेन्सर असेल, हवेतले धूलिकण मोजणारे स्वस्त सेन्सर असतील, नाहीतर एकाच कंपनीच्या एकाच रसायनाच्या दोन लॉटमधल्या बाटल्या असतील. गोष्ट तीच आहे. समजा बारा सेन्सर आलेत आणि ते बारा गावांत लावायचे आहेत. लगेच लावू नका. आधी बाराही एकाच खोलीत, एकाच उंचीवर, शेजारशेजार दोन दिवस चालू ठेवा. हवा एकच असल्याने जो फरक दिसेल तो सेन्सरांचा. तो आठ एककं निघाला आणि पुढे गावागावांत फरक सहा एककांचा आला, तर गावांबद्दल तुम्हाला अजून काहीच कळलेलं नाही. शक्य असेल तर मधेच सेन्सरांची गावं आपसांत बदला, म्हणजे गाव आणि सेन्सर यांची गाठ सुटते. काम संपल्यावर पुन्हा दोन दिवस एकत्र ठेवा, कारण काही सेन्सर वापरताना सरकतात.

आणि नोंदवहीत पहिल्याच पानावर प्रत्येक नगाचा अनुक्रमांक, लॉट क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती आणि खरेदीची तारीख लिहा. उपकरण फोडून आत कोणाची चिप आहे ते बघायची गरज नाही. उद्या कोणी दुसऱ्याने ते शोधून काढलं, तर तुमचे आकडे कोणत्या गटात पडतात हे या चार रकान्यांवरून सांगता येईल.